चाकोरी आणि पाठचा डोळा

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. गावालगतच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान हे दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्या तेथे नवस बोलत आणि फेडत आले आहेत. टेकडीच्या अंगावर सुपारीसारखे, क्वचित त्याहून मोठे, गोलसर खडे सापडतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांस काळ्या खडकाच्या पोकळ्यांत साकळलेल्या झिओलाइट नामक खनिजाच्या गुठळ्या म्हणतात. लोकांची उपपत्ती निराळी आहे, आणि सन १८७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरकारांनाही ती टिपून ठेवावीशी वाटली. दोन व्यापारी या वाटेने माल घेऊन चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली, आणि त्यांच्या जवळच्या नारळादी साऱ्या मालाचे दगड झाले. ते शरण आले तेव्हा बाबांनी वाळल्या पानांपासून त्यांस नवा माल करून दिला. हा प्रभाव पाहून ते तेथेच सेवेस राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच म्हणून दाखवितात.

लहानपणी ही कथा ऐकताना आमचे सारे लक्ष चमत्काराकडे असे. आता उतारवयात भलतीच शंका मनात येते. माल पाठीमागे आणि डोळे पुढे, अशी प्रत्येक वाटसरूची स्थिती असते. पाठीमागे घडत असलेले त्यास कळावे कसे? गेल्या हिवाळ्यात नागपूरहून गिरडास जाण्याचा योग आला, तेव्हा हीच शंका आमच्या भाच्याच्या नव्या मोटारीत पुन्हा भेटली. त्या मोटारीत दोन चौकीदार बसविलेले होते. पहिला, गाडी आपल्या मार्गिकेच्या रेषेबाहेर सरकू लागली की सुकाणूचक्रास हलका झटका देऊन तिला परत आणणारा. दुसरा, आरशात न दिसणाऱ्या आंधळ्या कोपऱ्यात कोणी शिरले की आरशाच्या कडेस पिवळा दिवा लावणारा. भाचा त्यांचे कौतुक नव्या जावयाच्या कौतुकासारखे करीत होता. आम्हांस मात्र हे दोघे चौकीदार तितकेसे नवे वाटले नाहीत, आणि त्यांचा वंशवृक्ष धुंडाळण्याचा मोह झाला. त्याचेच फळ हा लेख होय.

'चाकोरी' हा शब्द आपण हल्ली निंदेसाठी राखून ठेवला आहे. चाकोरीबाहेर गेला म्हणजे मनुष्य थोर! परंतु शब्दाच्या मूळ अर्थात निंदा नाही. गाड्याच्या चाकांनी वाटेवर पाडलेली जोड-चरी ती चाकोरी. वर्ध्याच्या खोऱ्यातील काळी जमीन ज्यांनी पावसाळ्यानंतर पाहिली आहे त्यांस तिचे मोल सांगावयास नको. चिखल वाळून कठीण झाला म्हणजे पहिल्या गाड्यांनी पाडलेल्या चरीत पुढच्या गाड्यांची चाके आपोआप बसत, आणि मग गाडीस डावीउजवीकडे जाण्याची मुभाच राहत नसे. हिंगणघाट ही कापसाची जुनी व नामांकित पेठ. कापसाने भरलेल्या बंड्या रात्रीच्या थंडीत निघत आणि पहाटे बाजारात पोहोचत. धुरकरी घोंगडी पांघरून कापसावर निजे. बैल चाकोरी सोडीत नसत. आज ज्यास मार्गिका-साहाय्य म्हणतात ते दोन बैल आणि दोन चरी यांच्या बळावर आमच्या आजोबांच्या पिढीने मनमुराद उपभोगले आहे. त्या व्यवस्थेत एक गुण असा होता की, वाट फुटली, नाला आला किंवा मध्येच काही आडवे पडले, म्हणजे बैल उभे राहत. आणि गाडी थांबली की धुरकऱ्यास जाग येई. बैलांस जेथे उमगत नसे तेथे ते तसे स्पष्ट कळवीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पाठीमागची व्यवस्था याहून साधी होती. आसाखाली कंदील टांगला की झाले. मागून येणाऱ्याने आपल्याला पाहावे; आपण त्याला पाहण्याचे कारण नाही. बैलाच्या गतीस एवढे पुरे होते. वर्ध्यासंबंधी लिहीत आहोत म्हणून एक आठवण येथे सांगून टाकतो. जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्ड मोटारीस बैल जुंपण्यात आले आणि त्या वाहनास विनोदाने 'ऑक्सफर्ड' असे नाव पडले, ही गोष्ट सेवाग्रामच्या जुन्या मंडळींनी सांगितलेली आहे. मोटारीची आसने आणि बैलांची चाकोरी! आमच्या भाच्याची गाडी त्या ऑक्सफर्डची दूरची नात म्हणावयास हरकत नाही.

मोटार आली आणि वेग आला. वेगाबरोबर चाकोरी मोडली. डांबराच्या गुळगुळीत रस्त्यावर चर पडत नाही, म्हणून ती रंगाने काढावी लागली. अमेरिकेतील मिशिगन प्रांतात वेन परगण्याच्या रस्तेमंडळावर एडवर्ड हाइन्स नावाचे गृहस्थ होते. त्यांनी सन १९११ मध्ये रस्त्याच्या मध्यातून पांढरी रेघ ओढविली. दुधाच्या गाडीतून गळत गेलेल्या धारेवरून ही कल्पना त्यांस सुचली असे सांगतात. पुढे १९१७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जून मॅकॅरोल या डॉक्टरीणबाईंनी तोच उद्योग आरंभिला. समोरून आलेल्या मालमोटारीने त्यांची गाडी रस्त्याखाली ढकलली होती, त्या संतापातून त्यांची रेघ निघाली. इंग्लंडात पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवावयाच्या मांजरडोळ्यांचा शोध लावला. दिव्याचा उजेड पडला की हे काचेचे डोळे चमकतात, आणि युद्धकाळातील अंधारपटात त्यांची खरी किंमत लोकांस कळली. आपल्या महामार्गांवरील पांढऱ्या पट्ट्यांत आज काचेचे बारीक मणी मिसळतात, तेही ह्याच कुळातले.

योगायोग असा की, ज्या १९११ सालाने रेघ दिली त्याच सालाने आरसाही दिला. त्यापूर्वी दोन वर्षे डॉरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक स्त्रीने आपल्या पुस्तकात भगिनींस सल्ला दिला होता की, गाडीत हातआरसा ठेवावा आणि मधूनमधून उंच धरून मागची रहदारी पाहावी. परंतु गाजला तो रे हॅरून. ३० मे १९११ रोजी इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक यांत्रिक बसे. यंत्राची निगा राखणे आणि मागून कोण येते ते सांगणे हे त्याचे काम. हॅरूनची गाडी एकासनी होती. इतरांनी हरकत घेतली, तेव्हा त्याने डोळ्यांसमोर एक आरसा बसविला आणि दुसऱ्या मनुष्यावाचून शर्यत जिंकली. पुढे त्याने स्वतःच कबूल केले की, विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीही दिसले नाही! आम्हांस ह्या कबुलीजबाबात साऱ्या इतिहासाची किल्ली सापडते. आरसा प्रथम आला तो मागचे दिसावे म्हणून जितका, तितकाच शेजारच्या मनुष्यास रजा देता यावी म्हणून.

आपल्याकडे त्या मनुष्यास इतक्या लवकर रजा मिळाली नाही. मालमोटारीवरचा क्लीनर, ज्यास आपले लोक किन्नर म्हणतात, तो डाव्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळत मागची बातमी देई. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. येथे आपल्या देशाचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणून डावीकडचा मागचा कोपरा त्यास अधिक दूर आणि अधिक आंधळा. नेमक्या त्याच कोपऱ्यात आपल्याकडे सायकली, दुचाक्या आणि पायी चालणारे यांची दाटी असते. किन्नर त्या दारात उभा राही तो हवा खाण्यासाठी नव्हे. एस. टी. च्या गाड्यांतही हेच. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली गाडी सुटली, आणि विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्यावर पुढे ती व्यवस्था इकडेही पोहोचली. कंडक्टरची एक घंटा, दोन घंटा आणि गाडी मागे घेताना त्याची शिट्टी, हे आमच्या बालपणीचे संगीत होय. ज्या मालमोटारींना आपला आंधळा कोपरा पुरता ठाऊक होता त्यांनी पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' असे लिहून ठेवले. म्हणजे, आम्हांस तुम्ही दिसत नाही, कृपा करून ओरडा. इतका प्रांजळ कबुलीजबाब आम्ही दुसऱ्या कोणत्याही वाहनावर वाचला नाही. कर्णकर्कश भोंग्यांस उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०१५ मध्ये त्या अक्षरांस मनाई केली.

आंधळा कोपरा हा केवळ आरशाचा दोष नव्हे. डोळ्यासही तो आहे. सतराव्या शतकात एद्म मारियोत या फ्रेंच पंडिताने दाखवून दिले की, नेत्रपटलावर जेथून दृष्टीची नाडी बाहेर पडते तेथे आपणांस काहीच दिसत नाही. आश्चर्य ह्या छिद्राचे नाही. ते छिद्र आपल्याला जाणवत नाही याचे आहे. मन आजूबाजूच्या रंगाने ते भरून काढते आणि सर्व काही दिसते आहे अशी खात्री देते. मोटारीच्या आरशांचेही तसेच होते. आरसा रिकामा दिसला की रस्ता रिकामा, असे मन ठरवून टाकते. १९९५ मध्ये जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने आरशांच्या भूमितीवर निबंध वाचून सांगितले की, बहुतेक चालक बाजूचे आरसे आपल्याच गाडीची कड दिसेल असे लावतात. ते थोडे बाहेर वळविले तर कोपरा पुष्कळसा उजळतो. उपाय फुकटचा होता, म्हणूनच की काय तो फारसा कोणी घेतला नाही.

त्यानंतर विकतचे उपाय आले. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने २००५ च्या सुमारास आरशाखाली कॅमेरा बसवून कोपऱ्यात वाहन आले की दिवा लावण्याची सोय विक्रीच्या गाड्यांत आणली. हल्ली बहुधा मागच्या बंपराच्या आत दोन लहान रडार असतात. ते लहरी सोडतात, परतलेल्या लहरींवरून वस्तूचे अंतर व वेग मोजतात, आणि कोणी जवळ असता चालकाने वळण्याचा दिवा दाखविला तर आवाजही करतात. रेषेच्या चौकीदाराची कुळकथा थोडी निराळी. जर्मनीत एर्न्स्ट डिकमन्स या प्राध्यापकांनी ऐंशीच्या दशकात एका मोठ्या गाडीस कॅमेऱ्याचे डोळे देऊन ती रस्त्यावर आपोआप चालवून दाखविली. २००० च्या सुमारास युरोपातील मालमोटारींवर रेषा ओलांडताच घरघर करणारे यंत्र आले. रात्रभर गाडी हाकणाऱ्यास डुलकी लागते ही त्यामागची चिंता. म्हणजे कापसावर निजलेला धुरकरी येथेही आहेच. आपल्या देशात सर्वसाधारण खरेदीदारास परवडतील अशा गाड्यांत ही यंत्रे २०२१ पासून दिसू लागली.

त्याच वर्षी आमच्या नागपुरात एक प्रयोग सुरू झाला, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. इंटेल, हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्र आणि नागपूर महानगरपालिका यांनी मिळून 'आयरास्ते' नावाचा उपक्रम हाती घेतला. शहरातील बसगाड्यांच्या काचेवर समोरची टक्कर, पादचारी आणि रेषा यांविषयी चालकास सावध करणारी यंत्रे बसविण्यात आली. चालकास इशारा कोठे वारंवार मिळतो हे नोंदवून, जेथे अद्याप अपघात झालेला नाही परंतु होईल अशी लक्षणे आहेत, अशी ठिकाणे त्यांनी शोधली. काळ्या ठिकाणांच्या जोडीला त्यांनी त्यांस करडी ठिकाणे म्हटले. अपघात झाल्यावर फलक लावणाऱ्या आपल्या देशात हा विचार आम्हांस मोलाचा वाटतो. चौकीदार एका गाडीस वाचवितो; परंतु त्याने कोठे कोठे हाका मारल्या ह्याची वही ठेवली तर मागून येणारी शंभर माणसे वाचतात.

ह्या यंत्रांची थट्टा करावी असा आमचा हेतू नाही. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. सरळ रस्ता, वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर, दोन्ही बाजूंस तीच तीच शेते. 'महामार्ग-संमोहन' हा शब्द आपल्या वृत्तपत्रांत त्यानंतर रूढ झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ एका खासगी प्रवासी बसने दुभाजकाजवळ धडक घेऊन पेट घेतला आणि पंचवीस माणसे होरपळून गेली. त्या अपघाताच्या कारणांविषयी वाद झाला; आम्ही त्यात शिरत नाही. परंतु अशा रात्री अशा रस्त्यावर चालकाच्या हातास झटका देणारे काही असावे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्र शासनाने मोठ्या प्रवासी व मालवाहू गाड्यांस अशी यंत्रे सक्तीची करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला, तो याच चिंतेतून.

आता आमचा प्रवास. नागपूर सोडून आम्ही बुटीबोरीमार्गे हैदराबादच्या रस्त्यास लागलो. पूर्वी सात क्रमांकाचा, आता चव्वेचाळीस क्रमांकाचा हाच तो महामार्ग. आमच्या थोरल्या भगिनी, म्हणजे भाच्याच्या मातोश्री, मागे बसल्या होत्या. उजव्या मार्गिकेत एक मालमोटार दुभाजकास चिकटून मंद चालली होती, जशी ती आपल्याकडे नेहमी चालते. भाचा डावीकडून पुढे काढणार, तोच डाव्या आरशावर पिवळा दिवा लागला. क्षणभराने एक दुचाकी पुढे गेली. पती, पत्नी आणि मध्ये टोपरे घातलेले मूल. आरशात ती कोणासही दिसली नव्हती. गाडीत कोणी काही बोलले नाही. त्या दिव्यास आम्ही मनातल्या मनात हात जोडले, हे येथे लिहून ठेवतो.

जाम येथे महामार्ग सोडला आणि समुद्रपूरवरून गिरडाची वाट धरली. रस्ता अरुंद झाला. पांढरी रेघ कोठे पुसट, कोठे धुळीखाली. एके ठिकाणी तर तिच्यावर तुरी वाळत घातलेल्या होत्या, आणि रेषेचा त्याहून चांगला उपयोग तेथील शेतकऱ्यास दाखवून देणे आम्हांस जमले नसते. चालकापुढच्या फळीवरचे रेषेचे हिरवे चित्र करडे झाले. आवाज नाही, झटका नाही. चौकीदार उठून गेला तो पाय न वाजविता. भाच्याने ते पाहिलेच नाही. पुढे कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर होता. आमचीही गती पायी चालल्यासारखी झाली होती. भाच्याने आरसा पाहिला, दिवा नव्हता, आणि गाडी उजवीकडे घेतली. "अरे थांब, मागून पोरगं येऊन राह्यलं!" ताई ओरडल्या. ब्रेक लागला. मोटारसायकलवरचा एक मुलगा आमच्या उजव्या अंगास घासतो न घासतो असा साइडपट्टीवर उतरला, सावरला, आणि मागे वळूनही न पाहता निघून गेला. ताई सुपारी कातरीत तिरप्या बसल्या होत्या आणि मागे पडणारी पऱ्हाटी पाहत होत्या; म्हणून तो त्यांस दिसला.

"मामा, दिवा लागला नाही हो!" भाचा पुनःपुन्हा म्हणत राहिला. टेकडीच्या पायथ्याशी त्याने गाडीची पुस्तिका काढली. ठरावीक वेगाखाली कोपऱ्याचा चौकीदार काम करीत नाही, असे तीत स्पष्ट छापले होते. बंपरावर चिखल बसला, किंवा वाहन बारीक असले, तरी त्याच्यावर विसंबू नये असेही होते. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. ते काही बोललेच नव्हते. आणि आमची अडचण नेमकी येथे आहे. दिवा न लागण्याचे अर्थ दोन होतात: कोपऱ्यात कोणी नाही, हा एक, मी पाहत नाही, हा दुसरा. दोन्हींचे रूप एकच. बैलास वाट कळेनाशी झाली तर तो उभा राही. किन्नरास झोप लागली तर त्याच्या घोरण्यावरून चालकास ते समजे, आणि मग तो स्वतः मान वळवी. मारियोतच्या डोळ्यातले छिद्र मन जसे आजूबाजूच्या रंगाने भरते, तसे दोन तासांच्या महामार्गाने सवयलेल्या भाच्याच्या मनाने त्या न लागलेल्या दिव्यास 'वाट मोकळी' असा अर्थ देऊन टाकला. चालकाची मान वळण्याची सवय दोन तासांत सुटते. शिकविताना हे कोणी सांगत नाही. गाडी विकणारा सांगेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. इशारा देणे हे जसे यंत्राचे काम, तसे आपण कामावर नाही हे मोठ्याने सांगणे हेही त्याचेच काम असावयास हवे; आज पुष्कळ गाड्यांत ते एका बारीकशा चित्राच्या रंगावर सोडलेले असते.

दर्ग्याचे दर्शन घेऊन, चार खडे हातात घेऊन पाहून आणि परत ठेवून, आम्ही उतरलो तेव्हा ऊन कलले होते. खाली गाड्यांची गर्दी झाली होती आणि आमची मोटार दोन जीपांमध्ये अडकली होती. भाच्याने मागे घेण्याची कळ टाकली. पडद्यावर मागचे चित्र उमटले, टिक् टिक् असा आवाज सुरू झाला. इतक्यात नारळाच्या दुकानातला एक वृद्ध गृहस्थ न बोलाविता उठला आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. पत्र्यावर दोन थापा पडल्या. "येऊ द्या, येऊ द्या… डाव्या अंगानं घ्या… आणखी… बस!" भाच्याने पडद्यावरची नजर काढून काच खाली केली, मान बाहेर घातली, आणि म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहत गाडी मागे घेतली.